फळाची इच्छा सोडली की कामातला जोर जातो, मग निष्काम कर्म करायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरी सांभाळून दर रविवारी तुम्ही एका संस्थेत मुलांना गणित शिकवता. गीता वाचल्यापासून हे काम निष्कामपणे करायचा प्रयत्न चालू आहे, पण दोन अडचणी येतात. निकालाचा विचार सोडायला गेलात की तयारी ढिली पडते, ‘होईल ते होईल’ अशी वृत्ती येते. आणि एरवी कितीही निष्काम म्हटले तरी वार्षिक कार्यक्रमात बाकीच्यांची नावे घेतली गेली, तुमचे राहिले, तेव्हा दोन दिवस मन खट्टू होते. हा कर्मयोग आहे की स्वतःची समजूत, रोज नेमके करायचे काय, आणि जाता जाता, ‘की सोडूनच द्यावे हे काम?’

या दोन अडचणी एकाच जातीच्या नाहीत. पहिली समजुतीतली चूक आहे. ती नीट वाचून, विचार करून दुरुस्त होते. दुसरी साधनेची आहे, ती नुसती समजून जात नाही, रोज थोडी थोडी घासावी लागते. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. निकालाकडे दुर्लक्ष करायची सवय मन मारून लावून घेतात, आणि मान-अपमानाच्या बाबतीत ‘मला कौतुक नकोच आहे’ असे स्वतःला पटवत बसतात. दोन्हीकडे गाडे अडते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकतो. घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल तर पुढे सांगितलेल्या वेळा निम्म्या करा. देवावर श्रद्धा आहे की नाही यावर अर्पणाची रीत बदलते, तिचे पर्याय खाली येतील. आणि झोप-भूक बिघडण्याइतके मन खचले असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. तशा मनावर कर्मयोगाचे ओझे घालू नये.

आता पहिली अडचण. दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक बहुतेकांना पाठ असतो, पण डोक्यात राहतो त्याचा पूर्वार्धच. श्लोकात सूचना चार आहेत. कर्मावर तुझा अधिकार आहे. फळांवर कधीही नाही. फळ हे कर्म करण्याचे कारण होऊ देऊ नकोस. आणि चौथी, ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’, कर्म न करण्याची ओढही तुला नको. तुमची तयारी ढिली पडते तेव्हा ही चौथी सूचना मोडलेली असते. फळाची आसक्ती गेली असे वाटते, पण तिच्या जागी आरामाची आसक्ती येऊन बसते. ती ओळखणे जास्त अवघड, कारण ती वैराग्याच्या नावाखाली येते.

‘परिणामांचा विचार करू नका असे गीता सांगते’ ही समजूत इतकी रुजली आहे की अठराव्या अध्यायातला २५वा श्लोक समोर ठेवला की वाचणारा चपापतो. तिथे तामस कर्माचे लक्षण आहे: अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष यांचा विचार न करता मोहाने सुरू केलेले कर्म. पुढे काय परिणाम होतील, वेळ-पैसा-शक्ती किती खर्ची पडेल, कुणाला इजा पोचेल का, आणि हे आपल्याला झेपेल का, हे चार प्रश्न न विचारता हात घातलेले काम गीतेच्या हिशेबाने सर्वांत खालच्या पायरीवर आहे. निकालाकडे पाठ फिरवून शिकवणे तिथेच जमा होते.

तुमच्या वर्गालाच हे चार प्रश्न लावून बघा. अनुबंध: अपूर्णांक कच्चे ठेवून बीजगणित सुरू केले तर दोन महिन्यांनी मुले समीकरणात अडकणार, मग आज सुरुवात कुठून करायची? क्षय: दोन तासांच्या वर्गाला निदान एक तासाची तयारी लागते, तो तास आठवड्यातून कुठून निघणार, आणि घरच्यांच्या वाट्याचा तर जाणार नाही ना? हिंसा: पटकन उत्तर देणाऱ्या मुलालाच सारखे फळ्यापाशी बोलावल्याने मागच्या रांगेतली मुले आणखी मिटून बसतात का? पौरुष: एका रविवारी किती वह्या तुम्ही खरोखर तपासू शकता? दहा असतील तर दहा. पंचवीस मुले घेऊन वह्यांवर नुसत्या बरोबरच्या खुणा करत जाणे दिसायला मोठी सेवा, पण ज्या मुलाची चूक तिसऱ्या ओळीत झाली होती ते ती चूक घेऊनच घरी जाते. हा सगळा विचार फळाचाच आहे आणि तो केलाच पाहिजे.

मग सोडायचे काय? इथे एक भेद फार उपयोगी पडतो: कामाचे फळ आणि कर्त्याचे फळ. मुलांना गणित येणे हे कामाचे फळ. तेच नको म्हणणारा माणूस काम करत नाही, वेळ घालवतो. ‘मुले सुधारली म्हणजे मी उत्तम शिक्षक’, ‘संस्थेत माझ्या शब्दाला वजन’, ‘थोडे पुण्य गाठीला’ हे कर्त्याचे फळ. पहिले डोळ्यांसमोर ठेवायचे, मापायचे, त्यावरून शिकवण्याची पद्धत बदलायची, आणि सगळे करून झाल्यावर त्याचा हट्ट सोडायचा. दुसऱ्यावरचा हक्कच सोडायचा. गीतेत हा भेद अशा शब्दांत मांडलेला नाही, पण अठराव्या अध्यायातल्या २६व्या श्लोकात सात्त्विक कर्त्याचे वर्णन आहे त्यातून तो सरळ निघतो: संग म्हणजे आसक्ती सुटलेला, ‘मी केले’ न म्हणणारा, धृती म्हणजे धीर आणि उत्साह असलेला, काम सिद्धीस गेले न गेले तरी न ढळणारा. उत्साह तिथे स्पष्ट लिहिला आहे. त्याच्याच पुढे २८व्या श्लोकात तामस कर्त्याची यादी आहे आणि तीत आळशी, कायम खिन्न, चालढकल करणारा हे शब्द आहेत. म्हणून निष्काम व्हायला निघालेल्या माणसाचा उत्साह आटत असेल तर तो वर चढत नाही, खाली घसरतो आहे. तुमचा ‘जोर’ जातो तो याच अर्थाने धोक्याची खूण आहे.

हे रोजच्या व्यवहारात बसवायचे तर वेळेची वाटणी करावी लागते. फळाचा विचार कामाआधी पूर्ण, काम चालू असताना बंद, काम झाल्यावर पुन्हा, पण वेगळ्या तऱ्हेने.

कामाआधीचा भाग पाच मिनिटांचा. वरचे चार प्रश्न मोठ्या कामाला एकदा आणि मग महिन्यातून एकदा विचारायचे. रोजच्या कामाला तीनच प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात पुरतात: आज नेमके काय करायचे, कुणासाठी, आणि किती झाले म्हणजे पुरे. तिसरा प्रश्न लोक गाळतात. ‘आज लसावि-मसाविची सहा उदाहरणे, त्यातली दोन प्रत्येक मुलाने स्वतः सोडवलेली’ अशी सीमा ठरली नाही तर काम संपल्याचे कळत नाही, आणि ज्याला ते कळत नाही तो शेवटी कुणाच्या तरी तोंडून ‘छान झाले’ ऐकायची वाट बघतो. कौतुकाची भूक बऱ्याचदा अशा अस्पष्ट संकल्पातून वाढते. संकल्प लिहून झाला की त्याखाली एक ओळ मनात म्हणायची: माझ्या वाट्याचे मी करीन, पुढचे येईल ते घेईन.

काम चालू असताना एकच नियम: लक्ष पुढच्या कृतीवर. ‘हे कसे वाटत असेल यांना माझ्याबद्दल’ हा विचार येणारच, तो येऊ नये म्हणून झगडू नका. आला की हातातल्या गोष्टीकडे परत या, खडू, वही, समोरच्या मुलाने आता विचारलेला प्रश्न. तिसऱ्या अध्यायात अर्जुनाला लढायला सांगताना ‘विगतज्वर’, म्हणजे ताप गेलेला, होऊन लढ असे म्हटले आहे (श्लोक ३०). हा ताप म्हणजे कामाचे कष्ट नव्हेत, कामाबरोबर चालणारी स्वतःबद्दलची काळजी. सुरुवातीला दोन तासांत पन्नास वेळा परत यावे लागले तरी काही बिघडत नाही, परत येणे हीच साधना आहे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचने दिली त्यांत बाहेरच्या कर्माला मनाच्या आतल्या कामाची जोड द्यायला सांगितले आहे, ते हेच. त्या आतल्या कामाला ते ‘विकर्म’ म्हणतात. जुन्या टीकांमध्ये विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म, तेव्हा दोन्ही वाचत असाल तर घोटाळा होऊ देऊ नका.

कामानंतरचा भाग दहा मिनिटांचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. अठराव्या अध्यायातला १४वा श्लोक कोणत्याही कर्माची पाच कारणे देतो: अधिष्ठान, कर्ता, करणे (म्हणजे साधने), निरनिराळ्या चेष्टा (म्हणजे कृती) आणि दैव. वहीत पाच ओळी आखून घ्या. समजा चाचणी घेतली आणि बारापैकी सात मुले नापास झाली. अधिष्ठान (शंकराचार्य इथे शरीर घेतात, व्यवहारात जागा आणि परिस्थितीही त्यात धरायला हरकत नाही): एकाच खोलीत दोन वर्ग, शेजारी गोंगाट, तुम्हालाही सर्दी झालेली. कर्ता: शेवटचा अर्धा तास तुम्ही घाईत उरकला. करणे: एका मुलाकडे वहीच नव्हती, फळ्यावरचे मागून दिसत नव्हते. चेष्टा: उदाहरणे समजावली, पण मुलांकडून सोडवून घेतली नाहीत. दैव: दोन मुले आदल्या रात्री घरच्या लग्नाला जागलेली, बाकी तुमच्या कह्यात नसलेले सगळे.

ही यादी डोळ्यांखाली आली की दोन गोष्टी एकदम होतात. पुढच्या वेळी काय बदलायचे ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत लख्ख दिसते, आणि ‘मी नालायक’ किंवा ‘ही मुलेच ढ’ असे एका ओळीत निकाल लावायची सोय राहत नाही. त्यापुढच्या १६व्या श्लोकात म्हटले आहे की असे असताना केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी चुकलेली आहे. म्हणून सात नापास होण्याऐवजी बाराही पास झाली तरी त्या दिवशीही पाच ओळी भरायच्या. यशाच्या दिवशी लोक वही उघडत नाहीत, आणि कर्तेपणा नेमका त्याच दिवशी वाढतो. दैवाची ओळ कधीही रिकामी सोडू नका. ती सलग तीन आठवडे एकाच शब्दात उरकली असेल तर तुम्ही वही यांत्रिकपणे भरता आहात. आणि सगळा दोष तिथेच जाऊ लागला तर तिला पळवाट केली आहे.

आता दुसरी अडचण, नाव राहिल्याचे दुःख. इथे आधी हे मान्य करा की कर्त्याचे फळ तुम्हाला हवे होते. ‘मला नावाचे काही नाही, पण निदान पद्धत म्हणून तरी…’ हे वाक्य मनात आले असेल तर ते खोडा. दुसऱ्या अध्यायात ६२ आणि ६३ या श्लोकांत साखळी दिली आहे: विषयाचे चिंतन, त्यातून संग, त्यातून काम, त्यातून क्रोध, मग संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश. आपल्याला दिसतो तो क्रोध किंवा खट्टूपणा, आणि आपण भांडतो त्याच्याशीच. तिथे भांडून फार काही हाती लागत नाही. मागे जाऊन बघा, कार्यक्रमाच्या आधी किती दिवस मनात ‘आपले नाव घेतील’ हे चित्र फिरत होते. दुरुस्ती त्या पहिल्या कडीला करायची, चिंतनाला. एरवी किरकोळ वाटणाऱ्या त्या चित्राला जितक्या वेळा तुम्ही खेळवता, तितका नंतरचा फटका मोठा.

यासाठी तीन गोष्टी सुचवतो, तिन्ही एकदम सुरू करू नका.

पहिली महिनाभर. केलेल्या सेवेबद्दल सात दिवस कुणालाही, घरीसुद्धा, आपणहून सांगायचे नाही. कुणी विचारले तर एका वाक्यात खरे उत्तर द्यायचे, लपवायचे नाही. संस्थेला द्यायचा हजेरीचा किंवा खर्चाचा हिशेब यात येत नाही, तो वेळेवर द्या. तिथे अबोल राहणे हा हलगर्जीपणा होईल. चौथ्या-पाचव्या दिवशी सांगायची जी ऊर्मी येते ती नीट बघा, कर्त्याच्या फळाची ओढ इतक्या जवळून एरवी दिसत नाही.

दुसरी पुढच्या महिन्यात. आठवड्यातून एक काम असे करायचे की ज्याचा कर्ता कोण हे कळायचा मार्गच नाही, आणि ज्याला उपयोग होईल त्याच्याकडून परतफेड होणार नाही. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे वर्णन आहे: द्यायला हवे म्हणून दिलेले, ज्याने आपल्यावर उपकार केलेले नाहीत त्याला, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला (श्लोक २०). लगेच पुढे राजस दान: परतफेडीसाठी, फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेले. या दोन श्लोकांची कसोटी वेळेच्या दानालाही लागते. पण गुपचूप कामातही एक खोड आहे. ‘बघा, मी कुणाला कळू न देता करतो’ हा अभिमान उघड अभिमानापेक्षा चिवट निघतो. म्हणून हे काम छोटेच ठेवा, वर्गातला केर काढणे, फळा पुसणे, उरलेल्या पेन्सिलींना टोके काढून ठेवणे. आठवणीत राहणार नाही इतके छोटे.

तिसरी सगळ्यांत कठीण. संस्थेत दुसऱ्याला श्रेय मिळावे अशा एका कामात मनापासून मदत करायची, आणि ते पार पडल्यावर तुमच्या वाट्याचा उल्लेख करायचा नाही. चौथ्या अध्यायातल्या २२व्या श्लोकात कर्मयोग्याला ‘विमत्सर’, म्हणजे मत्सर नसलेला, म्हटले आहे, ते इथे तपासले जाते. मात्र जो माणूस तुमचे काम स्वतःच्या नावावर खपवतो त्याच्याबाबत हे करायचे नाही. त्याने खोटेपणाला बळ मिळते आणि साधना म्हणावी असे त्यात काही नसते.

या सगळ्याला अर्पणाची बैठक लागते, आणि ती कोणती हे तुमच्या स्वभावावर ठरते. श्रद्धा असेल तर सरळ ईश्वरार्पण. अठराव्या अध्यायातल्या ४६व्या श्लोकावर ज्ञानेश्वरांची ओवी आहे, ‘तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं’. पूजेला शिळी फुले वाहत नाहीत, तेव्हा ज्याला ही बैठक मानवते त्याची तयारी आपोआप सुधारते. विचारी, विश्लेषण करणाऱ्या माणसाला तिसऱ्या अध्यायातला २८वा श्लोक जवळचा वाटतो: सत्त्व, रज, तम हे प्रकृतीचे गुण गुणांमध्ये वावरतात, मी त्यांत अडकत नाही. वरची पाच ओळींची वही ही याच दृष्टीची कवायत. आणि देवही नको, तत्त्वज्ञानही नको, असे म्हणणाऱ्याला लोकसंग्रह आहे, समाजाची घडी टिकावी म्हणून आपल्या वाट्याचे करणे (अध्याय ३, श्लोक २० आणि २५). पतंजलींच्या योगसूत्रांत तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान मिळून क्रियायोग होतो (२.१), आणि ईश्वरप्रणिधानाचा अर्थ व्यासभाष्याने, म्हणजे या सूत्रांवरच्या जुन्या भाष्याने, दोन पर्यायांनी दिला आहे: सर्व क्रिया परमगुरूला अर्पण करणे, किंवा त्यांच्या फळाचा संन्यास. म्हणजे श्रद्धेचा प्रश्न अनुत्तरित ठेवूनही सुरुवात करता येते. एक बैठक निवडा आणि निदान सहा महिने बदलू नका. आज देवाला वाहिले, उद्या गुणांवर सोपवले, असे केल्याने काहीच मुरत नाही.

प्रगती मोजायची कशी? त्याच सूत्रांत पुढे (२.२) क्रियायोगाचा हेतू सांगितला आहे, समाधी साधणे आणि क्लेश ‘तनू’ करणे, म्हणजे क्षीण करणे. एका दमात नाहीसे करणे नाही. म्हणून ‘मला वाईट वाटले का’ असे विचारू नका, वाटणारच. विचारायचे ते असे: किती वेळ टिकले, त्या काळात माझ्या कामाचा दर्जा घसरला का, आणि ज्याच्यामुळे वाटले त्याच्याशी वागणे बदलले का. आज दोन दिवस टिकते. ते एका दिवसावर, मग संध्याकाळपुरते आले तर साधना लागू पडते आहे. वाईट वाटणे एकदम पूर्ण थांबले तर मी उलट सावध होईन. बहुतेक वेळा तेव्हा माणसाने कामातूनच मन काढून घेतलेले असते. तिसऱ्या अध्यायातला ६वा श्लोक इंद्रिये आवरून मनाने विषय आठवत बसणाऱ्याला मिथ्याचारी, म्हणजे ढोंगी, म्हणतो, तो धडा बाहेरून शांत दिसणाऱ्या कार्यकर्त्यालाही लागू आहे.

बिघाड कुठे कुठे होतो तेही सांगतो. सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड म्हणजे ‘नाही’ म्हणता न येणे. निष्काम म्हणून जे येईल ते अंगावर घ्यायचे, आठवड्याला चार संस्था, घरी चिडचिड. अठराव्या अध्यायातला २४वा श्लोक अहंकाराने, खूप आटापिटा करून केलेल्या कर्माला राजस म्हणतो. अतिसेवा बहुधा तिथे बसते, मागे ‘माझ्यावाचून अडेल’ हे असते. दुसरा बिघाड, निष्कामपणा दुसऱ्यांवर लादणे. हे व्रत स्वतःपुरतेच घेता येते. एखाद्या संस्थेने पगारी माणसाचा पगार अडवून त्याला निष्काम कर्म शिकवणे हा शुद्ध अन्याय आहे, आणि तो निमूटपणे सोसण्याला गीतेचा आधार नाही. ती मुळात लढाई टाकून निघालेल्या माणसाला सांगितली गेली.

याच ओघात नोकरीचे. पगार घेतला म्हणजे काम सकाम झाले का, असे अनेकजण विचारतात. झाले नाही. कर्माशिवाय शरीराचा निर्वाहही होणार नाही हे तिसऱ्या अध्यायातच म्हटले आहे (श्लोक ८), पगार हा कराराचा भाग आहे. पगारवाढ मागायची असेल तर केलेल्या कामाचे आकडे घेऊन, एकदा, स्पष्ट मागा. मिळाली नाही तर थांबायचे की दुसरी नोकरी बघायची ते शांतपणे ठरवा. जोवर तिथे आहात तोवर कामात कसर नको. ‘एवढ्याच पैशांत एवढेच काम’ म्हणून मुद्दाम कमी करणे हा कर्मयोगाचा भंग, मागणे नव्हे. खरे तर नोकरीतले आठ तास ही साधनेची मोठी जागा आहे, रविवारचे दोन तास तिच्यापुढे काहीच नाहीत. सेवेत निष्काम आणि कचेरीत टंगळमंगळ अशी वाटणी करू नका.

गीतेतल्या ‘स्वधर्म’ शब्दावरून पुढे गोंधळ होतो म्हणून एवढेच. जुने टीकाकार त्याचा अर्थ वर्णाश्रमाने ठरलेले कर्तव्य असा घेतात, हे लपवण्यात अर्थ नाही. आज जन्मावरून काम ठरवणे कुणी मानू नये. ज्या जबाबदाऱ्या आपण स्वीकारल्या आहेत आणि ज्या आपल्याच वाट्याला आलेल्या आहेत, त्यांना धरून चालणे असा अर्थ घेऊन साधना नीट चालते. त्या हिशेबाने आजारी आईला रविवारी दवाखान्यात न्यायचे असेल तर गणिताचा वर्ग त्या दिवशी रद्द होतो, आणि त्यात अपराधी वाटायचे कारण नाही. मुलांना आदल्या दिवशी निरोप मात्र गेला पाहिजे.

वाचताना आणखी एक वाद तुमच्यासमोर येईल. शंकराचार्यांच्या मते कर्माने चित्त शुद्ध होते, मोक्ष मात्र केवळ ज्ञानाने. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात याच्याविरुद्ध बाजू मांडली, ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी कर्म करीत राहणे हेच गीतेचे प्रतिपाद्य, असे. वाद मोठा आहे, पण तो ज्ञान झाल्यानंतरच्या माणसाबद्दल आहे. ज्याला नाव राहिल्याचे दोन दिवस वाईट वाटते त्याने कर्म करावे याबद्दल दोघांचे एकमत आहे. तेव्हा या वादात आत्ता फार वेळ घालवू नका.

शेवटचा प्रश्न, काम सोडावे का. अठराव्या अध्यायात त्यागाचेही तीन प्रकार आहेत (श्लोक ७ ते ९). करायला हवे ते मोहाने सोडणे तामस. त्रास होतो, अंग मोडते म्हणून सोडणे राजस, आणि त्या त्यागाचे फळ मिळत नाही असे तिथे स्वच्छ म्हटले आहे. काम करीत राहून संग आणि फळ सोडणे सात्त्विक. म्हणून नाव राहिले त्या आठवड्यात कोणताही निर्णय घेऊ नका. निदान सहा रविवार वरची वही भरा. त्यानंतरही ‘पौरुष’ आणि ‘क्षय’ या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी येत असतील, म्हणजे वेळ खरोखर निघत नसेल, घरच्यांचा वाटा जात असेल किंवा त्या वयाच्या मुलांना शिकवणे तुम्हाला जमतच नसेल, तर सोडणे योग्य. तसे ठरले तर परीक्षेच्या तोंडावर सोडू नका. महिनाभर आधी सांगा, प्रत्येक मुलाचे कुठे अडते ते एका पानावर लिहून नव्या शिक्षकाच्या हाती द्या, आणि पहिले दोन वर्ग त्याच्याबरोबर बसा. उत्तरे होकारार्थी आली आणि अडत असेल ते फक्त नावापाशी, तर पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळी वर्ग घ्या आणि पहिल्या महिन्याचा सात दिवसांचा नियम त्याच दिवसापासून धरा.